साहेबासमोर कमी दिसायचं नाही

गेल्या महिन्यात शाळेकडून मोबाइलवर निरोप आला. पुढच्या सत्रापासून मदतनीस ताई सगळ्या मुलांना मिळणार नाहीत, अनुदान कमी झालं आहे, ज्यांना खरोखरच गरज आहे त्यांचाच विचार होईल, आणि बाकीच्यांची जबाबदारी कुटुंबाने व शेजाराने मिळून उचलावी. मी कणीक मळत होते. मोबाइल परातीशेजारी ठेवून एका स्वच्छ बोटाने सरकवत वाचत गेले आणि ‘शेजार’ या शब्दाशी आल्यावर एकटीच मोठ्याने हसले. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मला आजतागायत माहीत नाही. त्यांच्या दाराला कॅमेऱ्याची घंटा आहे, एवढं माहीत आहे. हसून झाल्यावर मात्र असा संताप आला की तो सगळा कणकेवर निघाला. त्या रात्री पोळ्या अगदी मऊ झाल्या होत्या.

माझा मुलगा स्वमग्न आहे. आता चौदा वर्षांचा, माझ्यापेक्षा उंच, मिसरूड फुटलेला. वर्गात त्याच्या बाकाशेजारी एक ताई बसते. घंटा वाजायच्या आधी ती त्याला सांगते की आता घंटा होणार. गोंगाट वाढला की व्हरांड्यात एक फेरी मारून आणते. बाई जे शिकवतात ते छोट्या छोट्या वाक्यांत परत सांगते. बाहेरच्याला वाटेल की ही बाई नुसती बसून पगार घेते. पण ती नसली की तो वर्गात बसत नाही, तो बसला नाही की शाळा म्हणते घरी ठेवा, आणि तो घरी राहिला की त्याच्यापाशी कुणीतरी राहायला हवं. मी परळला एका रुग्णालयात रक्त काढायचं काम करते. नवरा हॉटेलच्या भटारखान्यात आहे, त्याच्या पाळ्यांना ना आगा ना पिछा. म्हणजे ताई गेली की शाळा गेली, आणि शाळा गेली की माझी नोकरी गेली. हे कळायला अर्थखात्यात बसावं लागत नाही.

आणि शेजार म्हणे! शेजार काय असतो ते मी बघितलंय. तो निरोप लिहिणाऱ्याने बहुधा बघितलेला नसावा, किंवा बघितला असेल आणि तो कुठे गेला ते विसरला असेल.

आम्ही तेव्हा लालबागला चाळीत राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून दुसरी खोली. लग्न होऊन आले तेव्हा मला ती चाळ अजिबात आवडली नव्हती, हे आधीच सांगते, नाहीतर म्हणाल आता गळे काढतेय. पाण्यासाठी पहाटे उठा, संडासाला रांग लावा, आणि नवरा-बायकोचं भांडण करायचं तर तेही कुजबुजत. माझं माहेर वडाळ्याचं, क्वार्टर्समधलं, दार लावून घेण्याची सवय असलेलं. पहिल्या आठवड्यात मी दुपारी दार लावून झोपले तर कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकी घाबरून कडी वाजवायला आल्या. ‘बरां वाटणा नाय काय गो तुका?’ दार लावणं म्हणजे आजारी असणं.

पण मुलगा झाला, तीन वर्षांचा होऊनही बोलेना, हाक मारली तर बघेना, तेव्हा त्याच उघड्या दारांनी आम्हाला तारलं. डॉक्टरांनी निदान सांगितलं त्या दिवशी मी जिना चढून वर आले आणि मजल्यावरच्या बायकांनी विचारलं तेव्हा तो शब्द मला नीट उच्चारताही आला नाही. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे तो आपल्याच नादात आसता, ह्याच ना? मगे ता आमका म्हायत आसा.’ विषय संपला. त्यानंतर कुणी कधी काही विचारलं नाही.

त्याला चपलांचं वेड होतं. सकाळी उठला की गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि प्रत्येक खोलीबाहेरच्या चपला जोडीने, भिंतीला टेकवून, पुढची टोकं बाहेर करून लावायचा. कुणाकडे पाहुणे आले तर त्याची दुसरी फेरी. लोकांनी आधी मुकाट्याने चालवून घेतलं, मग त्यांना सवय झाली, आणि पुढे पुढे तर तो तापाने झोपला असला की बायका आपसांत म्हणायच्या, ‘आज मजलो कसो इस्कटलेलो दिसता.’ घाईने कामावर निघालेल्या माणसाला अंधारातही नेमकी आपली चप्पल पायात सापडायची.

आणि मसाल्याचा दिवस. आमच्याकडे मे महिन्यात वर्षाचा मसाला करतात. मिरच्या गच्चीवर वाळवायच्या, खोलीत भाजायच्या आणि मग डंकावर नेऊन कुटून आणायच्या. मिरच्या भाजायला लागल्या की सगळ्या मजल्याला ठसका. आम्ही खोकून गप्प बसतो. माझ्या मुलाला मात्र तो वास सहनच व्हायचा नाही. पहिल्या वर्षी तो भिंतीवर डोकं आपटत राहिला आणि मी त्याला पोटाशी धरून बसले. कुणाला काही बोलले नाही. लोकांनी काय वर्षाचा मसाला करायचा नाही? पुढच्या वर्षी काकी आल्या आणि म्हणाल्या, अमुक वारी सगळ्या मजल्याच्या मिरच्या एकदम भाजायच्या ठरल्यात, त्या दिवशी पोराला दिवसभर बाहेर न्या. अकरा घरांच्या बायकांनी एक दिवस ठरवला. ज्यांना चाळीतल्या बायका माहीत आहेत त्यांनाच यातला चमत्कार कळेल, कारण नळाच्या वेळेवरून ज्यांचं एकमत होत नव्हतं त्या या! त्या दिवशी सासरे त्याला घेऊन वरळीच्या समुद्रावर जायचे आणि संध्याकाळी खिडक्यांतून वास निघून गेला असा निरोप मिळाल्यावरच परत यायचे.

सासऱ्यांबद्दल आता नीट सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्यांचीच आहे. ते गिरणीत सांचाखात्यात होते, म्हणजे माग चालवायचे. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान अर्धेअधिक गेले होते. मुलगा किंचाळला की आम्ही सगळे दचकायचो. ते शांतपणे विडी विझवायचे आणि त्याच्याशेजारी जाऊन बसायचे. त्याला बोललेलं आवडायचं नाही आणि यांना ऐकू यायचं नाही, त्यामुळे दोघांचं उत्तम जमायचं. गॅलरीत तासन्‌तास दोघे बसलेले असत, रस्त्याकडे बघत. मी कामावरून येताना खालूनच मला ते कठड्यामागे दिसायचे, एक पांढरं डोकं आणि एक काळं.

स्वभावाने मानी माणूस. गिरणीत साहेबाची फेरी असायची तेव्हाच्या गोष्टी ते रंगवून सांगत. साहेब खात्याच्या दाराशी आला की एकजण शीळ घालायचा, लगेच सगळे डोक्यावरचा कापूस झटकायचे, सदरा खोचायचे, आणि ज्याचा माग अडला असेल त्याच्या मागाशी दुसरा जाऊन उभा राहायचा. साहेबाला सगळं चालू दिसलं पाहिजे. संपाच्या दिवसांत घरात पेज आणि मीठ असायचं, पण सदरा रात्री गादीखाली घालून सकाळी इस्त्रीचा करून बाहेर पडायचं. ‘सायबासमोर कमी दिसाचा नाय,’ हे त्यांचं वाक्य. ही त्यांची गीता होती म्हणा ना.

मुलगा सहा-सात वर्षांचा असताना त्याला शाळेत ताई मिळाली. एक संस्था अनुदानावर या ताया पुरवायची. त्याआधी दोन शाळांनी त्याला हात जोडले होते. ही ताई आली आणि काही महिन्यांत तो वर्गात बसायला लागला, स्वतःचा डबा स्वतः खायला लागला, आणि मी आमच्या रक्ताच्या खिडकीवर बसून पहिल्यांदा फोनकडे न बघता लोकांच्या शिरा शोधू लागले. ते वर्ष आणि त्याच्या पुढचं, ही दोन वर्षं माझ्या आयुष्यातली फार सुखाची. संध्याकाळी घरी यावं, गॅलरीत चहाचा कप घेऊन उभं राहावं, शेजारच्या खोलीत कुणी बोंबील तळत असावेत, मुलाने शाळेचे मोजे न सांगता काढून ठेवलेले असावेत. यापेक्षा मला काही नको होतं आणि आजही नको आहे.

मग पहिली कपात आली. तेव्हा असं ठरलं की सगळ्या मुलांची नव्याने तपासणी होईल, अपंगत्वाचे टक्के पुन्हा काढले जातील, आणि ठरलेल्या आकड्याच्या वर असतील त्यांनाच ताई राहील. मोठ्या रुग्णालयात जायची तारीख मिळाली. मी ते घरी वाचून दाखवलं. सासऱ्यांनी त्यातला एकच शब्द ऐकला, तपासणी.

दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत तालीम सुरू झाली. मागच्या वेळी निदानाला ते सोबत आले होते, डॉक्टर काय काय विचारतात ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं. नाव काय, बाबांचं नाव काय, हा रंग कुठला, चेंडू मला दे, माझ्याकडे बघ. डॉक्टर व्हायचं काम काकींकडे. त्या आपल्या नवऱ्याचा चष्मा नाकावर घालून स्टुलावर बसायच्या आणि शुद्ध भाषेत ‘बाळा, तू कसा आहेस?’ असं विचारताना त्यांना स्वतःलाच हसू फुटायचं. मुलगा डोळ्यांत बघत नसे, तर सासऱ्यांनी तोडगा काढला. ‘डोळ्यांत नको बघू, भिवयांत बघ. सायबाक काय कळणा नाय.’ आणि खरंच, भुवयांकडे बघायला तो शिकला. ‘मी बरा आहे, तुम्ही कशा आहात?’ हे वाक्य त्याच्याकडून घोटून घेतलं. बाई असल्या तर ‘कशा’, बुवा असले तर ‘कसे’. शाळेतून आलेली मजल्यावरची पोरंसुद्धा जाता-येता त्याला प्रश्न टाकायची आणि बरोबर उत्तर आलं की सगळी गॅलरी टाळ्या वाजवायची. दहावीला बसलेल्या पोरासाठीसुद्धा मजल्याने एवढी मेहनत घेतलेली मी बघितली नव्हती.

मला त्यात काही गैर दिसलं नाही. उलट माझा ऊर भरून यायचा. तपासणीच्या दिवशी मी त्याला नवा शर्ट घातला, केसांना तेल लावून भांग पाडला. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, फार गोड. तिने विचारलं, त्याने सांगितलं. तिने मागितलं, त्याने दिलं. भुवयांकडे बघून म्हणाला, ‘मी बरा आहे, तुम्ही कशा आहात?’ ती खुदकन हसली. निघताना त्याने आपली खुर्ची उचलून टेबलाखाली सरकवली, हे तर कुणी शिकवलंही नव्हतं. सासरे बाहेर बाकावर बसले होते. आम्हाला बघून उठून उभे राहिले आणि माझ्या चेहऱ्यावरूनच समजले. आम्ही टॅक्सीने घरी आलो. ते टॅक्सी करणारे नव्हेत.

काही दिवसांनी टक्के कळले. खूप खाली आले होते. ‘टक्के कमी इले!’ सासऱ्यांनी जिन्यातच पुकारा केला आणि उलट पावली जाऊन पेढे घेऊन आले. दुखणं निम्म्यावर आलं, असाच सगळ्यांनी अर्थ लावला, आणि दुसरा कुठला लावणार? पेढे वाटताना काकींच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हातात पेढा धरून उभी होते आणि मनात दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून बघत होते. मुलाचा आकडा आता ठरलेल्या आकड्याच्या खाली होता. महिनाअखेरीस ताई गेली.

ताई गेल्यावर पहिल्याच आठवड्यात घंटा त्याला न सांगता वाजली. तो पळाला, मुलांच्या मुतारीत जाऊन त्याने आतून कडी लावली. शिपायाने दार तोडून काढलं तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर त्याचेच दात उमटले होते. मुख्याध्यापक बाई वाईट नव्हत्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘तुम्हीच सांगा, मी काय करू? पन्नास मुलं आहेत वर्गात. ताई मिळेपर्यंत घरीच राहू दे.’

मी रजा काढल्या, संपल्या, बिनपगारी काढल्या. मग दिवसा तो सासऱ्यांकडे राहू लागला. आणि मुलगा काय करायचा, तर रोज सकाळी उठून आपला गणवेश घालायचा, दप्तर पाठीला लावायचा आणि गॅलरीत जिन्याच्या तोंडाशी उभा राहायचा. चपला लावणं सोडलं. बोलावलं तर यायचा नाही. सासरे म्हणत, चल वरळीला, चल भायखळ्याच्या बाजारात भाजी आणूया. तो जिना उतरायचा, पण रस्त्यावर आल्यावर शाळेच्याच दिशेने वळायचा आणि दुसरीकडे ओढलं तर खाली बसकण मारायचा. सासऱ्यांचं वय सत्तरीच्या पुढे. वाढत्या पोराला रस्त्यावरून उचलून आणणं त्यांच्याने होईना. एकदा खालच्या पानवाल्याने दोघांना वर आणून सोडलं. सासऱ्यांचं कोपर सोललेलं होतं आणि ते मला सांगत होते की काही झालं नाही.

मी वर अर्ज केला, फेरतपासणी मिळाली. त्या रात्री जेवताना मी स्वच्छ सांगितलं, ‘बाबा, या वेळी तालीम नको. या वेळी त्याला काय येत नाही ते दिसायला हवं.’

त्यांनी ताटातला हात थांबवला. ‘म्हणजे सायबासमोर पोराक बावळट दाखवूचा?’

‘दाखवायला कशाला हवं? जे आहे ते आहे.’

‘तेका येणा नाय, असा आपण आपल्या तोंडान कित्याक सांगूचा? लोक सांगतत तितक्या पुरे नाय?’

मी चिडले. म्हटलं, तुमच्या साहेबाच्या फेरीपायी माझ्या पोराची शाळा गेली. हे बोलले आणि मजल्यावर सगळ्यांना ऐकू गेलं, कारण त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानेच बोलावं लागायचं. ते उठून गॅलरीत गेले. त्या चाळीत माझ्या सासऱ्यांना वर मान करून कुणी बोललेलं नव्हतं. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत.

फेरतपासणीला ते न बोलावता तयार होऊन बसले. पांढरा सदरा, टोपी. या वेळी ते बाहेरच्या बाकावर न थांबता सरळ आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. डॉक्टर वयस्कर गृहस्थ होते, मान खाली घालून लिहिणारे. त्यांनी मुलाला नाव विचारलं. त्याने खणखणीत सांगितलं. बाबांचं नाव सांगितलं. रंग ओळखले. मग भुवयांकडे बघत म्हणाला, ‘मी बरा आहे, तुम्ही कसे आहात?’

‘अरे वा, चांगला बोलतो की,’ डॉक्टर म्हणाले.

मी घरून ठरवून आले होते सगळं. तो स्वतःला चावतो, गर्दीत रस्त्यावर आडवा पडतो, तहान लागली तरी पाणी मागत नाही. पण तो शेजारी बसला होता, नव्या शर्टात, आणि त्याला कळत नाही असं कोण सांगणार? माझं तोंड उघडेना. रोज शंभर अनोळखी हातांत सुई घालणारी बाई मी, आणि पोटच्या पोराविरुद्ध एक वाक्य मला बोलता येईना.

तेवढ्यात सासरे पुढे आले. त्यांनी टोपी काढली. मी त्यांना देवळातसुद्धा टोपी काढताना बघितलं नव्हतं.

‘सायबा,’ ते म्हणाले, ‘ह्या सगळा मी पाठ करून घेतलंय. तुमी येगळा काय तरी विचारा.’

डॉक्टरांनी मान वर केली. त्यांनी मुलाला विचारलं, ‘आज तू इथे कशातून आलास?’

‘मी बरा आहे, तुम्ही कसे आहात?’

‘तुला भूक लागलीय का?’

‘मी बरा आहे, तुम्ही कसे आहात?’

तिसऱ्यांदा विचारलं नाही. सासऱ्यांनी हात जोडले. ‘तेका येणा नाय, सायबा. आणि माझ्याच्यान आता तो सांभाळूक होणा नाय. शाळेत बाई होती ती परत देवा.’

त्यांच्या आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं मला तरी माहीत नाही. गिरणी बंद झाली तेव्हा नाही, सासूबाईंच्या आजारपणात नाही. डॉक्टर उठले, त्यांना खुर्चीत बसवलं, आणि त्यानंतर कितीतरी वेळ त्यांनाच मोठ्याने प्रश्न विचारत राहिले. घरी दिवसभर कोण असतं, काय खातो, कधी चिडतो. सासरे एकेका प्रश्नाचं खरं खरं उत्तर देत गेले आणि मी मुलाचा हात धरून बसून राहिले.

टक्के वाढले. ताई परत आली. मजल्यावर कुणाला कळेना की आता काय म्हणायचं, अभिनंदन करायचं की वाईट वाटून घ्यायचं. शेवटी काकीच म्हणाल्या, ‘चला, पोर शाळेत तरी जातला.’ पुढच्या सोमवारी सकाळी मुलगा उठला आणि गॅलरीच्या टोकापासून चपला लावायला सुरुवात केली. सासरे मात्र त्यानंतर गिरणीच्या साहेबाच्या गोष्टी सांगेनासे झाले. पोरांनी आग्रह केला तरी म्हणायचे, आता आठवत नाही.

मग चाळच गेली. पुनर्विकास. सह्या झाल्या, बैठका झाल्या, भांडणं झाली, मग ट्रक आले. काकी गावाला गेल्या, तिथेच राहिल्या. कुणी बदलापूरला, कुणी विरारला. भाड्याच्या घरांत गेलेली माणसं तिकडेच रुळली आणि इथले फ्लॅट विकून मोकळी झाली. आम्ही परत आलो ते त्याच जागी, पण आता सतराव्या मजल्यावर. घर छान आहे, खोटं कशाला बोलू? नळाला चोवीस तास पाणी आहे, संडास घरात आहे. काही महिने मी रोज स्वयंपाकघरात उभी राहून नुसता नळ सोडून बघायची. मुलाने पहिल्याच दिवशी बाहेरच्या मोकळ्या जागेत लोकांच्या दाराशी असलेले बूट लावायला घेतले, तर सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा कॅमेऱ्यातला फोटो आला. कुणाचा मुलगा आहे हा, अशी विचारणा होती. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी बूट आत ठेवले.

सासरे आणि तो शाळा सुटल्यावर सतराव्या मजल्याच्या खिडकीत बसायचे. तिथून रस्ता दिसतो, पण माणसं ओळखू येत नाहीत. तिथेच दीड वर्षापूर्वी दुपारच्या झोपेत सासरे गेले. मुलगा शाळेत होता, ताई होती, म्हणून त्याला ते बघावं लागलं नाही.

हे सगळं त्या निरोपाने ढवळून वर आणलं. मी ताया पुरवणाऱ्या त्या संस्थेच्या कार्यालयात गेले. खिडकीवर एक चुणचुणीत मुलगी होती, माझ्यासारखीच दिवसभर खिडकीवर बसणारी, म्हणून मी तोंड सांभाळून बोलले. तिने आमची माहिती काढली आणि म्हणाली, ‘मॅडम, तुमचं नाव कटलंय.’

‘का? टक्के तर आहेत.’

‘टक्के आहेत. पण आता नियम असाय की घरात दिवसा सांभाळणारं मोठं माणूस असेल तर ताई नाही मिळणार. तुमच्याकडे आजोबा आहेत ना?’ तिने पडदा माझ्याकडे वळवला. त्या वयस्कर डॉक्टरांनी सासऱ्यांना विचारून लिहून घेतलेलं सगळं तिथे होतं. आजोबा सांभाळतात. आजोबा समुद्रावर नेतात. आजोबांना मुलाची उत्तम समज आहे.

‘ते वारले,’ मी म्हटलं.

‘ओह, सॉरी. मग त्यांचं डेथ सर्टिफिकेट जोडा ना. लगेच होईल.’

मी दुसऱ्या दिवशी मृत्यूचा दाखला घेऊन गेले. तिने त्याची प्रत काढली, अर्जाला टाचली, पडद्यावर काहीतरी दाबलं आणि मनापासून आनंदाने म्हणाली, ‘झालं मॅडम! बरं झालं हा पेपर होता तुमच्याकडे. नाहीतर खरंच अवघड होतं.’ तिचा काही दोष नव्हता. मी तिला थँक्यू म्हटलं. बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसून रडले, येणारी-जाणारी माणसं बाजूने वाट काढत होती. जिवंत असताना त्यांनी नातवासाठी टोपी काढली होती. आता मी त्यांचं मरण खिडकीतून आत सरकवून त्याच नातवाची ताई राखली होती.

मंजुरी एका वर्षाची आहे. पुढच्या वर्षी पुन्हा असाच कागद मागतील, आणि तेव्हा जोडायला घरात मी आणि नवरा, आम्ही दोघंच उरलोय.